वकिलातीच्या खलित्यातले सोने

१. तेलाआधी काय?

सौदी अरेबियाचा विषय निघाला की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तेल लागायच्या आधी तिथला राजा राज्य चालवत कशावर होता? उत्तर सोपे आहे, हजवर. अब्दुलअझीझ इब्न सौद याने १९२५च्या अखेरीस हिजाझ पुरता जिंकला. मक्का, मदिना आणि जेद्दाचे बंदर त्याच्या हाती आले आणि यात्रेकरूंवरचे कर हाच त्याच्या उत्पन्नाचा मुख्य आधार झाला. त्या दशकाच्या शेवटी बाहेरदेशांतून वर्षाला लाखभर लोक येत. त्यांतले पुष्कळसे मुंबईच्या बंदरातून मोगल लाइनच्या जहाजांनी जात, आणि त्यांत कोकणातलेही असत. मग जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले की जावातला आणि हिंदुस्थानातला शेतकरी पहिल्यांदा पुढे ढकलतो ती यात्रा. १९३१ साली यात्रेकरूंचा आकडा ४० हजारांच्या आसपास आला आणि १९३३च्या सुमारास २० हजारांवर. २३ सप्टेंबर १९३२ रोजी ‘सौदी अरेबियाचे राज्य’ जाहीर झाले ते अशा ओढगस्तीत.

चौकस वाचक इथे थांबत नाही. त्याचा पुढचा प्रश्न जास्त अवघड आहे. ज्या राज्याची तिजोरी अर्थमंत्र्याच्या विश्वासावर आणि त्याच्या वह्यांवर चालत होती, तिथे १९३२ साली पैसे किती होते, पगार किती महिने थकले होते आणि वाळवंटात सोने शोधायला कोण फिरत होते, हे आज आपण एवढ्या खात्रीने कुठून सांगतो? यातला मोठा भाग जेद्दातल्या परदेशी वकिलातींच्या कागदांतून येतो, विशेषतः ब्रिटिशांच्या. हे कागद कसे वाचायचे, हा या प्रकरणाचा विषय. माझे म्हणणे असे, की खाणींबद्दलचे वकिलाती अहवाल खडकाबद्दल कच्चे आणि तिजोरीबद्दल पक्के असतात. घोटाळा होतो तो तिजोरीच्या मापाने खडक मोजायला गेल्यावर, आणि १९३२-३३ साली लंडनमध्ये नेमके तेच झाले.

२. खलित्यात काय असते?

पेशव्यांचे दिल्लीतले वकील हिंगणे यांची पत्रे ज्यांनी चाळली असतील त्यांना ही लेखनाची जात ओळखीची वाटेल. दरबारात कोणाचे चालते, कोणाची फौज पगारावाचून आहे, कोण कोणाकडून कर्ज काढतो आहे, हे वकिलाने आपल्या धन्याला कळवायचे. विसाव्या शतकातला ब्रिटिश वकीलही तेच करत होता, फक्त त्याला खाती आणि क्रमांक आले होते. तातडीचे असेल ते सांकेतिक तारेने जाई. सविस्तर असेल ते क्रमांक घातलेल्या खलित्यातून टपालपिशवीने जाई. शिवाय ठरावीक काळाने ‘जेद्दा रिपोर्ट’ निघे. त्यात यात्रा, पाऊस, पगार, परदेशी पाहुणे असे सगळे थोडेथोडे असे. लंडनला परराष्ट्र खात्यात खलिता पोचला की कारकुनापासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत प्रत्येक जण फाइलीवर आपला शेरा लिही. हे शेरे कधीकधी मूळ खलित्यापेक्षा वाचनीय असतात, कारण वकील जपून लिहितो आणि शेरा मारणारा आपापसांत बोलल्यासारखा लिहितो. अरबस्तानासंबंधीच्या कागदांच्या प्रती हिंदुस्थान सरकारलाही जात, कारण यात्रेकरू हिंदुस्थानचे होते आणि राजाला दिलेल्या शस्त्रांपोटी त्याच्याकडे हिंदुस्थान सरकारचे येणेही होते.

आता या वकिलाची अडचण पाहू. १९३० ते १९३६ या काळात जेद्दाला सर अँड्र्यू रायन हे ब्रिटिश मंत्री होते. त्यांच्यानंतर सर रीडर बुलर्ड आले. दोघेही ख्रिस्ती, त्यामुळे मक्का-मदिना त्यांना बंद, आणि आतल्या मुलखातही राजाच्या परवानगीवाचून पाऊल टाकता येत नसे. वकिलात म्हणजे समुद्रकाठचे एक घर, आणि खडक शेकडो किलोमीटर आत. मग वकिलाला कळे ते कसे? डच नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटीच्या पेढीवर कोणती हुंडी आली यावरून, मोटारी विकणाऱ्या व्यापाऱ्याचे बिल किती महिने तटले यावरून, आणि मक्केला जाऊ शकणाऱ्या आपल्या मुसलमान कर्मचाऱ्यांकडून. या सगळ्या वाटा पैशापाशी येऊन मिळतात. खडकापाशी जाणारी वाट एकच होती, ती म्हणजे जो इंजिनिअर तिथून परत आला त्याच्याशी बोलणे. आणि इंजिनिअरला आपली खाण खपवायची असते.

इंजिनिअरच्या शब्दाबद्दल सावध राहायला जुना दाखलाही होता. रिचर्ड बर्टन हा मूळ मुंबई फौजेतला अधिकारी, ज्याने तरुणपणी गोव्यावर पुस्तक लिहिले होते. १८७७-७८ साली तो त्रिएस्तचा ब्रिटिश कॉन्सल होता. दिवाळे निघालेल्या इजिप्तच्या खेदिव इस्माईलच्या पैशाने तो अरबस्तानच्या वायव्य किनाऱ्यावरच्या मिद्यान प्रांतात सोने शोधायला गेला. टनावारी दगड आणले, उत्साहाने पुस्तके लिहिली, आणि तपासणीत हाती लागण्यासारखे काही निघाले नाही. १८७९ साली खेदिवची गादीही गेली. रिकामी तिजोरी आणि सोन्याचे स्वप्न यांची अशी जोडी एकदा बघितलेल्या नोकरशाहीने दुसऱ्यांदा भुवई उंचावली, तर त्यात नवल नाही.

३. चिपाडातला रस

नव्या कथेतला इंजिनिअर म्हणजे कार्ल ट्विचेल. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातला हा खाणतज्ज्ञ येमेनमध्ये चार्ल्स क्रेन नावाच्या धनिकासाठी रस्ते-पुलांची कामे करत होता. क्रेनचे घराणे नळ-तोट्यांच्या कारखानदारीवर श्रीमंत झालेले, आणि तो स्वतः काही काळ चीनमध्ये अमेरिकेचा मंत्री राहिलेला. १९३१च्या फेब्रुवारीत तो जेद्दाला राजाला भेटला. राजाला हवे होते पाणी. क्रेनने स्वखर्चाने ट्विचेलला पाठवले, एप्रिलमध्ये तो आला आणि सुमारे १,५०० मैल हिंडला. पाण्याबाबत त्याचा अहवाल निराशेचा होता. जमिनीतून आपोआप उसळणारे झरे कुठे मिळतील अशी चिन्हे त्याला दिसली नाहीत. पण दगड त्याने डोळसपणे पाहिले होते, आणि पुढच्या वर्षी मदिनेच्या आग्नेयेकडच्या उजाड टेकड्यांत तो ‘महद अध-धहब’ या जागी पोचला. नावाचाच अर्थ ‘सोन्याचा पाळणा’. इस्लामपूर्व काळापासून अब्बासी खिलाफतीपर्यंत इथे खणकाम झाल्याच्या खुणा होत्या: जुने खड्डे, दगडी जाती, आणि दळून टाकून दिलेल्या दगडांचे प्रचंड ढीग.

टाकून दिलेल्या ढिगाला काय किंमत, असे कोणालाही वाटेल. उसाचे उदाहरण घेऊ. बैलाच्या घाण्यातून निघालेल्या चिपाडात बराच रस शिल्लक राहतो. तेच चिपाड आजच्या कारखान्याच्या रोलरमधून काढले तर उतारा मिळतो. प्राचीन कामगार दगड जात्यावर दळत आणि जड सोने धुऊन वेगळे काढत. जे कण पिठासारखे बारीक ते हाताला लागत नसत. १८८७ साली सायनाइडची पद्धत निघाली. दगडाची भुकटी सायनाइडच्या विरळ द्रावणात हवा देत ढवळली की साखर पाण्यात विरघळावी तसे सोने द्रावणात उतरते. मग द्रावण गाळून त्यात जस्ताची पूड घातली की सोने पुन्हा तळाशी बसते. एका टन भुकटीत समजा १५ ग्रॅम सोने असेल, म्हणजे पोतीच्या पोती दळून एक अंगठी, तर धुण्याच्या पद्धतीला ते परवडत नाही, सायनाइडला परवडते. म्हणून पूर्वजांचा उकिरडा हाच नव्या कंपनीचा पहिला कच्चा माल ठरू शकत होता, आणि त्यासाठी खणायचीही गरज नव्हती, फक्त उचलायचे.

ही गोष्ट वकिलातीच्या घरात बसून ताडणे कठीण आहे. खाण चालेल की नाही हे ठरवणारे तीनच आकडे असतात: टनामागे सोने किती, ढीग किती टनांचा, आणि पाणी-इंधन तिथे पोचवायला खर्च किती. तिन्ही आकडे नमुने घेणाऱ्याच्या वहीत असतात. राजवाड्यात किंवा पेढीत ते सापडत नाहीत.

४. मक्ता आणि उचल

खनिजाच्या व्यवहारात दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एक मक्ता: अमुक प्रदेशात अमुक वर्षे तुम्हीच शोधा आणि काढा, बदल्यात निघालेल्या मालावर आम्हाला हिस्सा द्या. हा हिस्सा म्हणजे स्वामित्वधन, रॉयल्टी. दुसरी उचल. ऊसतोडीला निघण्याआधी मजूर मुकादमाकडून घेतो तशीच: माल निघायच्या आधी मिळणारी आणि पुढच्या हिश्शातून वळती होणारी रक्कम. १९३२-३३ साली इब्न सौदला स्वामित्वधनाचे फारसे कौतुक नव्हते, ते मिळणार कधी! त्याला उचल हवी होती, आणि ती सोन्यात.

त्याच्या माणसांनी आधी ब्रिटनचेच दार ठोठावले. १९३२च्या मे महिन्यात राजपुत्र फैसल लंडनला गेला, तेव्हा शिष्टमंडळाने कर्जाचा आणि खनिजांच्या शोधात ब्रिटिश कंपन्यांनी उतरण्याचा विषय काढला. परराष्ट्र खात्याने दोन्हींना सभ्य शब्दांत नकार दिला. हा नकार त्यांच्याकडच्या माहितीशी सुसंगतच होता. जेद्दाहून महिनोन्महिने येणारे कागद एकच सांगत होते: देणी थकली आहेत, मोटारींची आणि बिनतारी यंत्रांची बिले तटली आहेत. ऋणकोची अशी पत असताना त्याला कोण कर्ज देणार? चूक इथपर्यंत नाही. चूक पुढच्या पायरीला आहे. कर्ज बुडते किंवा वसूल होते ते ऋणकोच्या पतीवर. मक्ता फळतो किंवा बुडतो तो जमिनीत काय आहे यावर. सावकार एकाच माणसाला कर्ज नाकारून त्याचीच जमीन खंडाने घेऊ शकतो, आणि चतुर सावकार तसेच करतो. लंडनने दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिले.

पुढच्याच वर्षी पूर्वेकडच्या अल-हसा प्रांतातल्या तेलाच्या मक्त्यासाठी दोन कंपन्या समोरासमोर आल्या. ब्रिटिशांचे वजन असलेली इराक पेट्रोलियम कंपनी थोडीच उचल देऊ करत होती आणि तीही हिंदुस्थानी रुपयांत. कॅलिफोर्नियाची स्टँडर्ड ऑइल सोने मोजायला तयार होती. तिच्या प्रतिनिधीबरोबर वाटाघाटीला आलेला जाणकार म्हणजे आपला ट्विचेलच. समोर बसला होता अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान, जो उमेदीच्या वयात मुंबईत एका अरब व्यापाऱ्याकडे नोकरी करत हिशेब शिकला होता. रुपया काय आणि गिन्नी काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. २९ मे १९३३ रोजी करार झाला. ऑगस्टमध्ये ३५ हजार सोन्याच्या सॉव्हरिन, आपल्याकडे ज्यांना गिन्न्या म्हणत, सात पेट्यांतून जहाजाने जेद्दाला आल्या. पेटीमागे पाच हजार धरल्या तर एकेक पेटी चाळीस किलोची. नेदरलँड्स ट्रेडिंग सोसायटीच्या पेढीत सुलेमानच्या देखरेखीखाली त्या मोजल्या गेल्या. नाण्यांवर राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा नको, एखाद्या इंग्रज राजाचाच हवा, नाहीतर बाजारात त्यांचा भाव पडेल, अशी काळजी घेतली होती म्हणतात.

अमेरिकनांना मक्ता मिळाल्याचे ऐकून रायन अवाक झाले, असे सेंट जॉन फिल्बीने मागाहून लिहिले. राजाचा हा इंग्रज सल्लागार दोन्ही कंपन्यांशी बोलत होता, आणि त्याच वेळी कॅलिफोर्नियाच्या कंपनीकडून गुपचूप पगार घेत होता. जेद्दातल्या मूठभर इंग्रजांत माहितीचा सर्वांत मोठा साठा याच गृहस्थाकडे होता, हे लक्षात घेतले की वकिलाची कुचंबणा कळते.

सोन्याच्या मक्त्याला आणखी दीड वर्ष लागले. १९३४च्या डिसेंबरात ट्विचेलने जमवलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश भांडवलावर ‘सौदी अरेबियन मायनिंग सिंडिकेट’ला पश्चिमेकडचा विस्तीर्ण मुलूख मिळाला. यंत्रे, रसायने, इंधन सगळे जेद्दाच्या बंदरात उतरून मालमोटारींनी आत जायचे. प्रत्यक्ष उत्पादन सुरू व्हायला १९३९ उजाडले.

५. एक तोंडी हिशेब

आता खडक आणि तिजोरी एका तराजूत घालून पाहू. महद अध-धहबने १९३९ ते १९५४ या काळात सुमारे ७ लाख ६६ हजार औंस सोने दिले आणि १० लाख औंस चांदी. सोने किलोत सांगायचे तर सुमारे २३,८००. जुन्या मापाने २० लाख तोळ्यांच्या वर. आकडा डोळे दिपवणारा आहे. तो गिन्न्यांत बदलू. एका गिन्नीत सुमारे ७.३ ग्रॅम शुद्ध सोने असते, तेव्हा पंधरा वर्षांचे सरासरी उत्पादन वर्षाला २ लाख १७ हजार गिन्न्यांच्या घरात जाते. राजाला यातला फक्त हिस्सा मिळे, पण क्षणभर धरू की सगळेच सोने त्याला मिळाले.

तेलाच्या १९३३च्या करारात टनामागे चार सोन्याचे शिलिंग असे स्वामित्वधन होते. वीस शिलिंगांची एक गिन्नी, म्हणजे पाच टन तेलाला एक गिन्नी. तर खाणीतल्या सगळ्या सोन्याची बरोबरी करायला वर्षाला जेमतेम ११ लाख टन तेल पुरे. १९४६ साली सौदी अरेबियात सुमारे ६ कोटी पिंपे तेल निघाले, म्हणजे ८० लाख टनांच्या आसपास. जुन्या दरानेही १६ लाख गिन्न्या. सोन्याची अख्खी खाण एका बाजूला आणि तिच्या सातपट रक्कम दुसऱ्या बाजूला, तीही केवळ हिश्शाची.

या हिशेबातून ब्रिटिश सावधपणाबद्दल दोन उलट निष्कर्ष निघतात आणि दोन्ही खरे आहेत. सोन्याने राज्य तरणार नाही, हा अंदाज बरोबर होता. तेवढ्यावरून या जमिनीत पैसे घालण्यासारखे काही नाही असे मानणे पार चुकले.

६. दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा: मागाहून शहाणपण सुचणे सोपे आहे. १९३२ साली अल-हसातल्या दम्मामचे तेल कोणी पाहिले होते? खरे आहे, तिथली सातवी विहीर व्यापारी प्रमाणात वाहू लागली ती १९३८च्या मार्चमध्ये, आणि त्याआधीच्या विहिरींनी कंपनीचाही धीर सुटत आला होता. पण मी रायनना भविष्य ओळखले नाही म्हणून दोष देत नाही. भविष्य कॅलिफोर्नियाच्या कंपनीलाही ठाऊक नव्हते. तिने एवढेच ओळखले की तीसेक हजार गिन्न्यांत एवढ्या मोठ्या प्रदेशाचा मक्ता मिळत असेल, तर दगड रिकामा निघाला तरी नुकसान सोसण्याजोगे आहे. हा विचार करायला भूगर्भशास्त्र लागत नाही, व्यापाऱ्याची नजर लागते. वकिलाती कागदांत ती क्वचितच असते, कारण खोट सोसून डाव मांडणे हे वकिलाचे काम नाही. आपल्या सरकारला खोट येऊ न देणे हे त्याचे काम.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. हे कागद साम्राज्याच्या नोकरांनी साम्राज्याच्या सोयीसाठी लिहिलेले. त्यांच्यावर अरबस्तानचा इतिहास रचायचा म्हणजे सासूला सुनेची कैफियत विचारण्यासारखे. यात तथ्य आहे. राजाच्या दरबाराबद्दल, बदूंबद्दल, इमानाबद्दल या कागदांत जे शेरे येतात त्यांतला अहंकार लपत नाही आणि ते मते म्हणूनच वाचावेत. पण जिथे लिहिणाऱ्याच्या सरकारचा पैसा अडकला आहे तिथे त्याचा स्वार्थच त्याला काटेकोर बनवतो. येणे वसूल करायचे असेल तर सावकाराला ऋणकोची खरी जमा कळावी लागते. ती फुगवून किंवा आखडून लिहिणे त्याच्याच मुळावर येते. म्हणून पगार किती महिने थकले, यात्रेकरू किती उतरले, गिन्नीला रियाल किती पडतात, या बाबतीत हे साक्षीदार भरवशाचे. दुसऱ्या टोकाला ट्विचेलचे १९४७ सालचे ‘सौदी अरेबिया’ हे पुस्तक ठेवा. दगडाबद्दल त्याच्याइतका जवळचा साक्षीदार नाही, पण त्याचे भांडवल, नाव आणि मैत्री सगळे त्या राज्यात गुंतलेले. दोघांची वही शेजारी ठेवली की एकाची रिकामी पाने दुसऱ्याकडे भरलेली सापडतात.

७. अमेरिकन खाण, ब्रिटिश फाइल

या कथेतली एक विसंगती सहज नजरेआड होते. इंजिनिअर अमेरिकन, तेलाची कंपनी अमेरिकन, सोन्याच्या सिंडिकेटमध्येही अमेरिकन भांडवल. पण अमेरिकेचा वकील जेद्दात नव्हता. वॉशिंग्टनने १९३१ साली इब्न सौदच्या राज्याला मान्यता दिली, नोव्हेंबर १९३३ मध्ये लंडनला तात्पुरता करारही केला, आणि तरी कैरोतल्या मंत्र्याकडे या राज्याचा जादा कार्यभार द्यायला १९३९ साल यावे लागले. जेद्दात अमेरिकन वकिलात उघडली ती १९४२ साली, महायुद्धाने तेलाचे मोल कळल्यावर. त्याच वर्षी ट्विचेलही परत आला, या वेळी अमेरिकन सरकारच्या शेतीविषयक पथकाचा प्रमुख म्हणून. म्हणजे पाण्याच्या शोधातच.

खाण १९५४ साली बंद पडली आणि १९८८ साली, नवे भूगर्भीय सर्वेक्षण हाताशी घेऊन, पुन्हा सुरू झाली. १९३१ ते १९४२ या अकरा वर्षांत अमेरिकन माणसांनी त्या टेकड्यांत काय केले, याची जागेवरून लिहिलेली सरकारी नोंद शोधायची तर वॉशिंग्टनचे दफ्तर फारसे उपयोगी नाही. ती ब्रिटिश वकिलातीच्या खलित्यांत आहे, आणि यात्रेकरू मुंबईहून निघत होते आणि शस्त्रांचे येणे बाकी होते एवढ्याच कारणांनी त्यातल्या पुष्कळ प्रती हिंदुस्थान सरकारच्या फाइलींत जाऊन बसल्या.